पहिल्याच ओळीवर थांबणारे सूत्र

महोदय,

करवीर तालुक्यातल्या छोट्या दूध संस्थांचे हिशेब मी लिहितो. वह्या जाऊन एक्सेल आले, उत्तमच झाले. पण संगणक वर्गात ‘व्हीलुकअप’ (दिलेला क्रमांक किंवा नाव तक्त्यात शोधून त्यापुढची माहिती आणणारे सूत्र) शिकवताना एक गोष्ट हमखास गाळतात: हे सूत्र वरून खाली शोधते आणि पहिली नोंद सापडली की थांबते. खाली आणखी नोंदी आहेत, असा इशाराही देत नाही.

आमच्याकडे सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, म्हणजे दहा दिवसांच्या बिलात त्याचा क्रमांक 20 वेळा येतो. व्हीलुकअप पहिल्या सकाळचे लिटर सांगून मोकळे! बेरजेसाठी तिथे ‘समइफ्स’च हवे. शेवटची उचल पाहायची तर ‘एक्सलुकअप’ला खालून वर शोधायला सांगता येते, सगळ्या नोंदी हव्या असतील तर ‘फिल्टर’ आहे. मात्र ही दोन्ही सूत्रे एक्सेल 2019 मध्ये नाहीत, आणि गावात जुनेच एक्सेल असते.

त्याहून घातक म्हणजे नावावरून शोधणे. अर्धा गाव पाटील, त्यात नावेही तीच. एकाच्या पशुखाद्याचे पैसे दुसऱ्याच्या बिलातून कापले जातात, मग डेअरीच्या दारात भांडण. शोध सभासद क्रमांकावरूनच घ्यावा, आणि सभासद यादीत तोच क्रमांक दोनदा नाही ना, हे आधी ‘काउंटइफ’ने तपासावे.

सचिवांच्या प्रशिक्षणात अक्षरे रंगवण्यात दुपार जाते. त्याऐवजी संकलनाचा खराखुरा तक्ता सरावाला द्यावा, ही संबंधितांना विनंती.

– एक हिशेबनीस, करवीर (जि. कोल्हापूर)