दिल्या, पोरीला जाऊ दे धडगावला

काय भो दिल्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर बोललो असतो तर तू मधेच तोंड घातलं असतं, म्हणून टाईप करतोय, आता गुपचूप वाच. मयुरी तलाठी झाली, नंदुरबार जिल्हा मिळाला, सजा (म्हणजे तलाठ्याकडची गावं) धडगावकडचा, आणि तू म्हणतोस "एवढी हुशार पोरगी सरकारी खात्यात वाया जाणार, त्यापेक्षा हिंजवडीत पंचवीस हजारावर लागली असती तरी चाललं असतं". खरं सांगू, राग आला मला. पेढे मागायला फोन करणार होतो आणि तू रडगाणं लावलं.

आधी तुझ्या बाजूचं बोलून घेतो नाहीतर म्हणशील याला सगळं गोडच दिसतं. सरकारी ऑफिसात चकरा मीही मारल्यात, साहेब मीटिंगला, साहेब साईटवर, उद्या या, झेरॉक्स आणा, आणि टेबलाखालचं तर विचारूच नको, एका कागदासाठी मीही मुकाट्याने दिलेत पैसे, कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही. सेवा हक्क कायदा आला 2015 मधे, कुठलं काम किती दिवसात द्यायचं त्याचा बोर्डही लागला, पण बोर्ड वाचणाऱ्याला अजून "मोठा शहाणा लागून गेला" असं बघतात. हे सगळं कबूल. पण म्हणूनच तर चांगली पोरं तिथे जायला पाहिजेत ना भो, का तीही सगळी हिंजवडीलाच पाठवायची?

आता जूनमधलं सांगतो. आपल्याकडे रावेर-यावल पट्ट्यात वादळ काय करतं तुला माहीत आहे, घड लागलेली केळी अर्ध्या तासात आडवी. यंदा शिवाराच्या वरच्या अंगाला सगळं झोपलं. आमच्या शेजारच्या वहिनी, त्यांचे मालक मागच्या वर्षी गेले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर, वारस नोंद केलेलीच नाही. म्हणजे पंचनामा झाला तरी पैसे जमा व्हायचे कोणाच्या खात्यात? आमचा तलाठी पोरगाच आहे, परभणीकडचा, नुकताच बदलून आलेला. कृषी सहायक आणि ग्रामसेवकाला घेऊन बांधाबांधाने फिरला, गाळात बूट रुतले तर हातात घेऊन अनवाणी चालला, आडव्या झालेल्या एकेका बागेचे मोबाईलवर फोटो. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तरच मदत बसते ना, तर कोणाचं काठावरचं म्हणून उडवायला नको यासाठी खोडं मोजत बसला होता. वहिनींचं कळलं तर त्यांच्या ओट्यावर बसूनच वारसाचा अर्ज लिहून घेतला, कुठले दाखले लागतात ते पोराला वहीत लिहून दिलं, फेरफार, म्हणजे सातबारावर नाव बदलायची नोंद, धरला. हरकतीसाठी नोटिशीचे 15 दिवस थांबावंच लागतं, त्यात त्याच्या हातात काही नाही, पण सोळाव्या दिवशी मंडळ अधिकाऱ्याच्या मागे लागून नोंद मंजूर करून आणली. मग केवायसी करायला वहिनींना सेवा केंद्रात कधी जायचं तेही फोन करून सांगितलं. तेव्हा कुठे पैसे आले. हे काय मोठं शौर्य नाही, त्याचं कामच आहे ते. पण ते काम त्याने वेळेत आणि नीट केलं म्हणून त्या घरात पुढची लागवड झाली.

मी घड घेऊन गेलो तर घेतला नाही पठ्ठ्याने. सत्कार करू म्हटलं ग्रामसभेत तर म्हणे नको दादा, त्यालाही वरून परवानगी लागते, कशाला लफडं. मग मी तहसीलदारांच्या नावाने पत्र लिहिलं, याने असं असं काम केलं, गावातर्फे आभार, खाली पंधरा-वीस सह्या. आवक-जावकला दिलं तर तिथला बाबा न वाचताच विचारतो "तक्रार कोणाविरुद्ध?" म्हटलं तक्रार नाही हो, चांगलं लिहिलंय. दोनदा वाचलं त्याने, मग शेजारच्या टेबलावर दाखवलं, मग शिक्का मारला. त्याला बिचाऱ्याला ते कुठल्या रजिस्टरला घ्यावं तेच कळेना! आपण लोकही कसे आहोत बघ, शिव्या द्यायला पार मंत्रालयापर्यंत अर्ज करू पण दोन ओळी चांगल्या लिहायचा कंटाळा.

आणि तू तर बोलूच नको भो. तू अण्णांचा पोरगा आहेस. अण्णा मुक्कामी एसटी घेऊन यायचे, रात्री चावडीत पथारी टाकायचे आणि पहाटे थंडीत बोनेट उघडून गाडी चालू करायचे, ती गाडी होती म्हणून आमची सुनीता अकरावी-बारावीला तालुक्याला गेली. गाडी नसती तर आमच्या दादांनी तिला दहावीनंतर घरीच बसवलं असतं, ते स्वतः सांगतात. कोणी कधी अण्णांना थँक्यू म्हटलं का? मी तर नाही म्हटलेलं आठवत. तुझी फी मात्र त्याच एसटीच्या पगारातून भरली गेली, तेव्हा सरकारी लोक फुकटचं खातात हे माझ्यासमोर परत म्हणू नको.

धडगावची भीती वाटते तुला ते समजू शकतो. घाट आहे, रेंज नसते, पावसाळ्यात रस्ता बंद पडतो. पण माणसं राहतात ना तिथे, आणि त्यांनाही वनपट्टा लागतो, जातीचा दाखला लागतो, वारस नोंद लागते. अक्कलकुवा-धडगावात नर्मदेच्या काठच्या पाड्यांना तर दवाखानाच बोटीने जातो, तरंगता दवाखाना म्हणतात त्याला, डॉक्टर, सिस्टर सगळे त्यातच. मणिबेलीला, राज्यातल्या पहिल्या नंबरच्या मतदान केंद्रावर, मास्तर लोक पेट्या घेऊन बोटीतून जातात. आणि पाड्यावर पोषण आहार नेणाऱ्या अंगणवाडी ताईला तर धड सरकारी नोकरही म्हणत नाहीत, मानधनावर राबवतात, याचा खरा राग यायला पाहिजे तुला. पोलिओचा शेवटचा पेशंट देशात जानेवारी 2011 चा, तो रोग काय आपोआप गेला का? आमच्या केळीच्या मळ्यात सातपुड्यातून आलेल्या पावरा मजुरांच्या झोपड्यांपर्यंत सिस्टर लोक डोसची पेटी खांद्याला लावून यायच्या, चिखल असो का मे महिना. आम्ही पाणीसुद्धा विचारलं तर विचारलं.

मयुरीला सांग, पावरी बोली थोडी शिकून घे, दोन वाक्यं बोलली तरी लोक घरचं समजतील. होळीला तिकडेच थांब म्हणावं, काठी गावची होळी बघण्यासारखी असते. एक मात्र तिला बापाने सांगायचं, मी नाही सांगणार. पहिल्यांदा कोणी पाकीट सरकवेल तेव्हा काय करायचं ते. ते तू बोल तिच्याशी, नीट बसून, हसण्यावारी नेऊ नको.

जॉइनिंगची तारीख कळली की कळव. शहाद्याला माझा साडू आहे, खोलीचं तो बघतो म्हणाला आणि धडगावातही त्याच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. गमबूट आणि चांगली बॅटरी इकडूनच घेऊ. पोरीला एकटी एसटीत बसवून देऊ नको, तू आणि वहिनी दोघं या, आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्काम करा, वांगी आलीच आहेत बामणोदची, भरीत आणि कळण्याची भाकरी करायला लावतो. पेढे मात्र तुझ्याकडून, आणि ते जळगावहून आणायचे, पुण्याचे नको.

तुझा,
बाळू