आत बसलेल्याचा अर्ज तरी वाचा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझा धाकटा भाऊ एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आठ महिने झाले आत आहे. त्याच्यावर मारामारीच्या केसेस आहेत, ते मी लपवत नाही, त्या चालू देत, शिक्षा लागली तर भोगेल. पण एमपीडीए म्हणजे शिक्षा नाही, पुढं काहीतरी करेल म्हणून खटला न चालवताच आत ठेवायचं, जास्तीत जास्त 12 महिने. त्या ऑर्डरविरुद्ध हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला आत ठेवलंय ते कायदेशीर आहे का ते कोर्टानं बघावं अशी याचिका, टाकलीय त्याला पाच महिने झाले, अजून वकिलांना बोलायलासुद्धा मिळालं नाही.

पहिल्या तारखेला सरकारी बाजूनं रिप्लायला वेळ मागितला, दुसऱ्या तारखेला परत तेच, तिसऱ्यांदा बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, आमचा नंबर 60 च्या पुढं आणि कोर्ट उठलं तेव्हा 41 चालू. आई सकाळी चहाला आधण ठेवायच्या आधी म्हणते, मोबाईलवर बघ गं, तारीख लागली का.

आता भावानं स्वतःच जेलमधून कोर्टाला अर्ज केलाय. वकिलांनी झेरॉक्स दाखवली, वहीचं रेघांचं पान, दोन्ही बाजूनं भरलेलं, कोपऱ्यात जेलचा शिक्का. दहावी नापास आहे तो, हेबियस शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलाय. मला सोडा असं त्यात कुठंच नाही, माझं एकदा ऐकून घ्या एवढंच आहे. मी ते पान बराच वेळ हातातच धरून बसले. तो अर्ज कोर्टासमोर गेला की कुठं टेबलावर पडलाय, हे आम्हाला कुणी सांगत नाही.

तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्यानं दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं होतं, ते पत्रच सुप्रीम कोर्टानं याचिका म्हणून घेतलं, 1979-80 ची गोष्ट. मग आज रेघांच्या पानाची दखल का घेऊ नये?

एमपीडीएच्या कायद्यात बाकी सगळ्याला दिवस ठरलेत. कारणं 5 दिवसात द्यायची, सरकारची मंजुरी 12 दिवसात नाहीतर ऑर्डर संपली, 3 आठवड्यात ऑर्डर तपासणाऱ्या सल्लागार मंडळाकडं, मंडळाचा रिपोर्ट 7 आठवड्यात. पण याचिकेला रिप्लाय कधीपर्यंत द्यायचा याला त्यात दिवस ठरलेला नाही, आणि सगळं तिथंच अडतंय. वर्ष भरलं की भाऊ तसाही सुटणार, मग याचिकेत अर्थ उरला नाही म्हणून ती निकाली निघणार, आणि ऑर्डर बरोबर होती का चूक ते कायमचं राहूनच जाणार.

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा सातारा-सांगलीच्या आमच्यासारख्या लोकांना केवढा आनंद झाला, मुंबईच्या खेपा वाचल्या, ते खरंच चांगलं झालं. पण फाईलला रिप्लायच लागलेला नसेल तर कोर्ट जवळ आलं तरी काय बोलणार.

म्हणून तुमच्या पेपरमधून विनंती करते. स्थानबद्धतेच्या याचिकेत रिप्लायला एकदाच मुदत द्या, नाही आला तर त्याच्याशिवाय ऐका. कैद्यानं पाठवलेल्या अर्जाची पोच त्याच्या हातात द्या. आणि असल्या केसेस बोर्डावर वर घ्या, कारण इथं प्रत्येक तारखेला माणसाचे दिवस जातात.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तेवढ्यात रिप्लाय लागावा, हात जोडून सांगते.

– एक बहीण, कोरेगाव तालुका, जि. सातारा