लग्नाच्या पानावरून "गोरी, सडपातळ" काढा ना साहेब

संपादक साहेब, नमस्कार.

मी नागपुरात सक्करदऱ्याकडे राहते, 22 वर्षांपासून ब्लाऊज-ड्रेस शिवते. तुमचा पेपर रोज दुकानात येतो, मी वाचते आणि माप द्यायला थांबलेल्या बायकापण वाचतात, आणि रविवारी पहिले काय उघडतात तर लग्नाचं पान. त्या पानाबद्दलच लिहायचंय, पण आधी दुकानातलं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई काऊन एवढी चिडली.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो. मागच्या सीझनला एक पोरगी आली, 23-24 ची असेल, सोबत आई आणि मामी. टेप लावला, छाती 36 निघाली, मी वहीत लिहायच्या आधीच आई म्हणते, ताई 34 चाच शिवा, लग्नापर्यंत कमी करते ती. मामी म्हणे, दंड पाहा ना तिचे, बाह्या कोपरापर्यंतच ठेवा, फोटोत बरं नाही दिसत. पोरगी आरशात पाहतच नव्हती, खाली टेपकडे पाहत होती. मी 34 चा शिवला, आतून मार्जिन सोडून, गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं असतं म्हणून, पण तिथे मी बोलायला पाहिजे होतं, हे मला आजपण लागून राहिलं आहे. ट्रायलला आली तेव्हा ब्लाऊज बसला बरोबर, पण हुक लावता लावता तिला चक्कर आली, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, हात थंडगार. विचारलं तर सकाळी लिंबू-मधाचं पाणी, दुपारी काकडी, रात्री काहीच नाही, दीड महिन्यापासून हेच. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 8 च्याही खाली निघालं, बाईचं 12 तरी पाहिजे. आणि पुढच्या वेळी तीच मामी मला सांगते, चेहरा किती उतरला हिचा, आता मेकअपवालीला सांगावं लागेल.

ही काही एकटी नाही. सरकारचाच 2019-21 चा कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा आहे, देशात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये 57 टक्के जणींच्या अंगात रक्त कमी, आपल्या महाराष्ट्रात 54. म्हणजे माझ्या दुकानात दहा जणी बसल्या तर निम्म्यांपेक्षा जास्त. पण "रक्त तपासलं का गं" असं कोणी कोणाला विचारताना मी 22 वर्षांत ऐकलं नाही, सगळ्या एकमेकींना काय विचारतात तर "काऊन वं, किती सुटली तू", नाहीतर "वाळली किती, सासू खायला देत नाही का", नाहीतर "काळी पडली बाप्पा". दारातून आत येता येताच. वर म्हणायचं, काळजी वाटते म्हणून बोललो, तब्येतीसाठी बोललो. तब्येतीचं त्यात काय असतं मला सांगा, ज्या बाळंतिणीला सहा महिने झाले नाहीत, रात्रभर लेकरू जागवते, तिला कंबर बघून बोलतात, ती खाते का झोपते का हे नाही.

आणि पुरुषांचं बघा. त्याच पाहणीत जास्त वजनाच्या बायका 24 टक्के आणि पुरुष जवळपास 23, म्हणजे सारखेच. पण नवरदेवाचं पोट पुढे आलं तर "सुखी माणूस आहे" म्हणतात आणि कुर्ता घेरदार शिवून मिळतो, त्याला कोणी काकडीवर ठेवत नाही. मला आमच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की नुसता काटा बघून काही कळत नाही, आपल्या लोकांच्या पोटावर चरबी लवकर साचते म्हणून कमरेचं माप बघायचं, बायकांचं 80 सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांचं 90 च्या आत, म्हणजे माझ्या टेपवर साडेएकतीस आणि साडेपस्तीस इंच. त्याच्या वर असेल तर शुगर, बीपी तपासून घ्या, चालायला जा. हे घरात नवऱ्याला-लेकालापण सांगा.

खाण्याचंपण तेच. 2025 च्या जुलैमध्ये आपल्या एम्समध्ये तेल-साखरेचे बोर्ड लागणार अशी बातमी आली तेव्हा सगळीकडे एकच कल्ला, आता समोसा बंद, जिलेबी बंद, उद्या तर्री पोह्यावर पण बोर्ड. सरकारला खुलासा करावा लागला की ठेल्यावरच्या पदार्थांवर इशारा लावायचं काही सांगितलंच नाही, ऑफिस-कॅन्टीनमध्ये कशात किती तेल-साखर लपलेली आहे ते लोकांना दिसावं एवढंच. मला तो बोर्ड आवडला. तो पदार्थाबद्दल सांगतो, खाणाऱ्या बाईच्या दंडाबद्दल काही बोलत नाही. आमच्याकडे उलटं आहे, पंगतीत बाईच्या ताटात दुसरी पोळी पडली की चार डोळे तिच्याकडे वळतात, आणि भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे सगळं घरात असताना पोरी महागडी पावडर दुधात कालवून जेवणाऐवजी पितात कारण डब्यावर बारीक बाईचा फोटो आहे. पालेभाजीवर लिंबू पिळा, हिवाळ्यात दारावर संत्रा येतो तो खा, लोह अंगाला लागतं त्याने, आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नका, चहाने ते लागत नाही. हे मी आता माप घेता घेता सांगते.

रंगाचं तर विचारू नका. ब्लाऊजपीस निवडताना आई पोरीसमोरच म्हणते, हा कलर हिच्यावर उठणार नाही. अकोल्याची बातमी तुम्हीपण वाचली असेल, एका घरातल्या बायकांनी पार्लरमधून आणलेली गोरं करायची क्रीम लावली आणि किडनीवर गेलं, तपासलं तर क्रीममध्ये पारा. 1975 पासून विकली जाणारी "फेअर" नावाची क्रीमसुद्धा 2020 मध्ये नाव बदलून "ग्लो" झाली, पण तुमच्या लग्नाच्या पानावर अजूनपण "गोरी, सडपातळ, सुंदर वधू पाहिजे" असंच छापून येतं, आणि ते पान माझ्या दुकानात त्याच पोरी वाचतात ज्यांच्या कमरेभोवती मी टेप धरून उभी असते.

तर साहेब माझी मागणी दोन गोष्टींची आहे. लग्नाच्या पानावर शिक्षण, नोकरी, गाव, वय छापा, जे छापायचं ते छापा, पण रंग आणि अंगकाठीचे शब्द घेऊ नका, जाहिरात देणाऱ्याला काउंटरवरच सांगा की हे शब्द आमच्याकडे चालत नाहीत. आणि आतल्या पानावर "15 दिवसांत 10 किलो कमी, गॅरंटी" अशा चौकोनी जाहिराती येतात त्या बंद करा. माझा भाचा वकिली करतो, त्याने मला दाखवलं, आक्षेपार्ह औषधी जाहिरातींचा 1954 चा कायदा आहे, त्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायचीच नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणापण आहे, आणि नुसता औषध विकणाराच नाही, जाहिरात छापण्यात भाग घेणारापण त्यात येतो. दोन पैसे कमी मिळतील, मला माहीत आहे. माझेपण कमी झाले, मी दुकानात आरशाच्या वर कागद चिकटवला आहे की इथे माप आहे तेवढंच शिवून मिळेल, तर दोन-तीन गिऱ्हाईकं सोडून गेली.

त्या पोरीचा ब्लाऊज मी लग्नाच्या आठ दिवस आधी उसवून 36 चा करून दिला, पैसे घेतले नाहीत. रक्ताच्या गोळ्या सुरू आहेत तिच्या. येत्या रविवारचं पान मी बघते.

एक शिलाई करणारी वाचक,
सक्करदरा, नागपूर