अंगणात ब्लॉक बसवण्याआधी

महोदय,

पूर ओसरला की सांगलीत आमच्या गावभागात आधी गाळ काढतात आणि मग अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवतात. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या बोळातली बहुतेक अंगणं अशीच झाकली गेली. पाइप लावला की गाळ धुऊन निघतो, हे मला मान्य आहे. पण एप्रिलमध्ये दुपारी त्या ब्लॉकवर अनवाणी पाय ठेवून बघा. आणि पावसाचं पाणी मुरायचं कुठं?

२०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या अंगणातला मोगरा, गुलाब, पायरीलगतचा ऑफिस टाइम, सगळं कुजलं. चार बोटं गाळ बसला. तो वाळून भेगाळला आणि दिवाळीच्या सुमारास त्या भेगांतून बारीक हिरवी पानं वर आली. नळाच्या मोरीजवळची, मी वर्षानुवर्षं तण समजून उपटत आलेली जलपिंपळी! महापुरात लव्हाळी वाचतात तशी हीही वाचली. मग मीच हात आवरला.

हिचं पान नखाएवढं, टोकाकडे दातेरी. उभ्या दांडीवर आधी जांभळट बोंड येतं, त्याभोवती पांढऱ्या-फिकट जांभळ्या फुलांचं एकच कडं. खालची फुलं सुकतात तसं कडं वर सरकतं, बोंड लांबतं आणि शेवटी पिंपळीसारखं दिसू लागतं. सकाळी त्यावर फुलोरी माशा, म्हणजे लहान मधमाश्या, इतक्या असतात की नातवंडांना चपला घालायला सांगावं लागतं. प्रत्येक पेराला मूळ धरत ही जमिनीलगत पसरते, म्हणून आमची काळी माती उन्हाळ्यात पूर्वीसारखी उलत नाही. पाणी तोडलं तर मेमध्ये तपकिरी पडते, पण पहिल्या वळवानंतर पुन्हा फुटते. २०२१ च्या पुरातही ती मेली नाही. लावायलाही सोपी: आधी लव्हाळ्याच्या गाठी खणून काढा (यात आळस नको, नंतर त्या निघत नाहीत), मग दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर श्रावणात खोचा.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती सांगितलीच पाहिजे. एका नर्सरीत ‘निगा नको, वर्षभर पिवळी फुलं’ म्हणून मला वेडेलिया दिली. वर्षभरात ती भिंतीखालून मागच्या ओढ्यात उतरली. दोन उन्हाळे खणून काढण्यात गेले. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे, हे मला नंतर कळलं. तिचाही प्रत्येक तुकडा मूळ धरतो. पुराने असे तुकडे खालच्या गावांच्या मळ्यांत नेले तर ते कोण काढणार? म्हणून नदीकाठ सुशोभित करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की तिथं वेडेलिया लावू नका, इथलीच जलपिंपळी लावा.

आणि शेजाऱ्यांनो, गाडीपुरते ब्लॉक बसवा, बाकीची माती उघडी ठेवा. श्रावण लागला की दोन पाट्या तुकडे काढून ओट्यावर ठेवीन. पिशवी घेऊन या.

– एक निवृत्त शिक्षिका, गावभाग, सांगली