इंजिनाचं कौतुक झालं, आता पाण्याखालच्या पंख्याकडे पण बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात बोटींच्या नवीन इंजिनांवर अख्खं पान आलं होतं, फोटो झकास, हायब्रिड झालं, इलेक्ट्रिक झालं, मिथेनॉल झालं, पण सगळं पान वाचून काढलं तरी पंखा हा शब्द एकदाही सापडला नाही. पंखा म्हणजे प्रोपेलर हो, पाण्याखाली फिरतो तो. माझं आयुष्य जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेलं, सेकंड इंजिनिअर म्हणून रिटायर झालो, म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्यात. चारच्या चाळीस झाल्यात याची कल्पना आहे, कुठूनही कापा, पंख्याचा भाग तेवढा ठेवा.

आधी ओळखीतल्या एकाची गोष्ट सांगतो. त्याची बोट साधीच, पाण्यातली लांबी ३६ फूट, जुनं डिझेल इंजिन १८०० आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला १८०० फेरे, गिअरबॉक्स ३ ला १, म्हणजे पंखा फिरायचा ६०० ने. इंजिन म्हातारं झालं म्हणून गड्याने नवं घेतलं, ताकद बरोब्बर दुप्पट, २४०० आरपीएम, टर्बो, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, सगळा थाट. त्याच्यासोबत आलेला गिअरबॉक्स होता अडीच ला १. पंखा मात्र जुनाच ठेवला, म्हणे चांगला ब्राँझचा आहे, टाकायचा कशाला. पहिल्याच ट्रायलला इंजिन १९०० च्या वर जाईना, काळाकुट्ट धूर, एक्झॉस्ट नुसता तापलेला. मग काय, इंजिन विकणाऱ्याला शिव्या, इंजेक्टर काढून तपासले, टर्बो उघडला, फिल्टर दोनदा बदलले, काही फरक नाही. मला बोलावलं तेव्हा मी इंजिनाला हातसुद्धा लावला नाही, कागद आणि पेन मागितलं.

हिशोब असा. २४०० भागिले अडीच म्हणजे पंखा ९६० ने फिरायला हवा, आधी फिरायचा ६०० ने, म्हणजे १.६ पट. पण पंख्याला लागणारी ताकद ही त्याच्या वेगाच्या घनात वाढते, १.६ चा घन चारच्या वर जातो, म्हणजे तोच पंखा ९६० ने फिरवायचा तर चौपट ताकद पाहिजे आणि याच्याकडे आहे दुप्पट. दुप्पट ताकदीत पंखा फिरणार साधारण सव्वापट, ७५६ धरा, त्याला अडीचने गुणा, आले १८९०. इंजिन नेमकं तिथेच अडकलं होतं! ढोबळ हिशोब आहे, पण रोग कळायला पुरेसा. इंजिन ठणठणीत होतं हो, त्याच्या गळ्यात भलताच पंखा बांधला होता. शेवटी जास्त रिडक्शनचा, म्हणजे पंख्याचे फेरे अजून कमी करणारा गिअरबॉक्स बसवला, पंख्याची पिच, म्हणजे पात्यांचा तिरकसपणा, थोडी कमी करून घेतली आणि धूर गेला.

आणि एवढं करून बोटीचा वेग किती वाढला माहितीये? आधी साडेसात नॉट जायची, आता आठ (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर). मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता. पण यात पण कोणाची फसवणूक नाही, हे पाण्याचं गणित आहे. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच एक लाट तयार करते आणि वेग वाढला की ती लाट लांब होत जाते, लाटेची लांबी बोटीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात बसते आणि पुढचा चढ काही चढता येत नाही. फुटातल्या लांबीचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, ३६ फुटांना आठ नॉट येतात, त्याच्यापुढे कितीही घोडे जुंपा, डिझेल जळेल, लाट मोठी होईल, बोट तिथेच. पाण्यावर उचलून पळणाऱ्या सपाट बुडाच्या स्पीडबोटीची गोष्ट वेगळी. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात टाकीत छोटी मॉडेलं ओढून हे सगळं मोजून ठेवलंय, म्हणजे दीडशे वर्षं झाली, तरी लोक अजून बोट जात नाही म्हटलं की मोठं इंजिन आणतात.

आता पंख्याचा इतिहास जरा सांगतो कारण मला तो फार आवडतो. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा मूळचा शेतकरी माणूस, त्याने १८३६ मध्ये स्क्रू प्रोपेलरचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला स्क्रू लाकडी होता, पूर्ण दोन वेढ्यांचा, त्याला वाटायचं वेढे जास्त तर पकड जास्त. १८३७ मध्ये लंडनच्या एका कालव्यात चाचणी चालू असताना तो कशाला तरी आपटला आणि अर्धा तुटून पडला, आणि बोट थांबायच्या ऐवजी जास्त जोरात पळायला लागली! इंजिन तेच, वाफ तीच, वेढे निम्मे, वेग जास्त. मला विचाराल तर बोटीच्या इंजिनिअरिंगमधला सगळ्यात मोठा धडा त्या अपघातात आहे. पुढे १८४५ मध्ये इंग्रज नौदलाने रॅटलर हे स्क्रूवालं आणि अलेक्टो हे बाजूला चाकं असलेलं जहाज शेपटीला शेपटी बांधून उलट्या दिशेने ओढायला लावलं, कागदावर दोघांची अश्वशक्ती सारखी, रॅटलरने अलेक्टोला सरळ मागे फरपटत नेलं. ही तशी लोकांना दाखवायची जत्राच होती कारण नौदलाचं मन आधीच स्क्रूकडे झुकलं होतं, पण लोकांना पटायला असलं काहीतरी लागतंच.

त्याहून भारी गोष्ट टर्बिनिया नावाच्या बोटीची. चार्ल्स पार्सन्सने स्टीम टर्बाइन, म्हणजे वाफेच्या झोताने गरगर फिरणारं इंजिन, काढलं आणि ते या बोटीत बसवलं, १८९४ च्या चाचण्यांमध्ये ताकद भरपूर पण वेग अपेक्षेच्या मानाने फुसका. टर्बाइनमध्ये काही खोट नव्हती. पंखा इतक्या जोरात फिरत होता की ब्लेडच्या पाठीवरचा दाब एकदम कमी होऊन थंड पाणीच उकळायला लागलं, वाफेचे बुडबुडे तयार झाले आणि पंखा पाण्याऐवजी बुडबुडे ढवळत बसला. याला कॅव्हिटेशन म्हणतात, हेच बुडबुडे फुटताना धातूला खड्डे पाडतात, मी ड्राय डॉकमध्ये असे पंखे बघितलेत की उंदराने कुरतडल्यासारखे दिसतात. पार्सन्सने काचेच्या खिडकीच्या टाकीत छोटा पंखा फिरवून बुडबुडे डोळ्यांनी बघितले, मग एका टर्बाइनच्या जागी तीन केली, तीन शाफ्ट (पंखा फिरवणारे दांडे), प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे, आणि १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या नौदल संचलनात ही पिटुकली बोट ३४ नॉटच्या आसपास पळाली, नौदलाच्या बोटींना ती धरता आली नाही. सगळे टर्बाइनचं नाव घेतात, घ्या ना, पण आधी पंख्याचा प्रश्न सुटला म्हणून टर्बाइनचं नाव झालं.

मग चांगला पंखा कसला? तर मोठा आणि संथ. बोट पुढे जाते कारण पंखा पाणी मागे ढकलतो, ढकल मिळते पाण्याचं वजन गुणिले वेग यातून, पण खर्च होणारी एनर्जी वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा भरपूर पाणी हळू ढकललेलं स्वस्त पडतं. एवढं एक वाक्य समजलं की मोठ्या जहाजाचं इंजिन असं का दिसतं ते कळतं. २००६ च्या एमा मर्स्क या कंटेनर जहाजाचं इंजिन बघा, १४ सिलेंडर, एकेका सिलेंडरचा व्यास ९६ सेंटीमीटर, पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली जायचं अंतर, अडीच मीटर, वजन २३०० टनांच्या घरात, ताकद ८० हजार किलोवॅट, आणि फिरतं किती तर मिनिटाला १०२ वेळा. गिअरबॉक्स नाहीच, इंजिन सरळ शाफ्टला, मागे जायचं तर इंजिन बंद करून कॉम्प्रेस्ड हवेने उलटं चालू करायचं. नंतरच्या इंजिनांमध्ये स्ट्रोक अजून लांब केला आणि फेरे ७० च्या आसपास आणले. का? तर मोठ्या व्यासाचा पंखा लावता यावा म्हणून. म्हणजे बघा, इंजिनातली ही सुधारणा झाली तीच मुळात पंख्यासाठी, आणि तुमच्या पानावर पंखाच नाही.

इंजिनवाल्यांचं श्रेय मी नाकारत नाही हं, उगाच गैरसमज नको, त्याच्यावरच माझी भाकरी होती. १९१२ चं सेलांडिया हे समुद्र ओलांडणारं पहिलं मोठं डिझेल जहाज, त्याला नेहमीसारखं धुराडंच नव्हतं. तिथपासून आजपर्यंत संथ टू-स्ट्रोक डिझेलने इंधनातली निम्मी एनर्जी शाफ्टवर आणून दाखवली, रस्त्यावरच्या गाडीला हे आजही जमत नाही. व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, काढून टाकला, इंजेक्शन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवर आले, त्यामुळे कमी लोडवर पण इंजिन नीट जळतं, पूर्वी हळू चालवलं की काजळी धरायचं. छोट्या बोटींच्या आऊटबोर्डमध्ये, म्हणजे मागे बाहेरून लटकवलेल्या इंजिनात, तर क्रांतीच झाली. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमधून पाण्यात जायचं, मागे ते इंद्रधनुष्य तरंगताना दिसायचं ना, ते पैसेच तरंगायचे. फोर-स्ट्रोक आणि डायरेक्ट इंजेक्शन आलं आणि ते बंद झालं. ही खरी सुधारणा, याला टाळ्या.

नव्या इंधनांबद्दल थोडक्यात. मिथेनॉल चांगलं आहे, साध्या टाकीत राहतं, पण किलोमागे एनर्जी डिझेलच्या निम्म्याहून कमी, म्हणजे टाकी दुपटीहून मोठी, तेवढी मालाची जागा गेली. एलएनजीत, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूत, कार्बन कमी पण काही इंजिनांमध्ये थोडा मिथेन न जळता निसटतो आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो, तेव्हा कुठलं इंजिन ते विचारल्याशिवाय स्वच्छ इंधन म्हणू नका. अमोनिया विषारी आहे, इंजिन रूममध्ये तो लीक झाला तर काय, हा प्रश्न मला झोपू देणार नाही, बरं झालं रिटायर झालो.

बॅटरीचं मात्र सरळ सांगतो, जिथे शोभते तिथे उत्तम. एक किलो डिझेलमध्ये साधारण १२ युनिट, इंजिनाचे तोटे धरून पाचेक युनिट शाफ्टवर, तर एक किलोच्या बॅटरी पॅकमध्ये कसंबसं ०.१५ युनिट. महिनाभर समुद्रात राहणाऱ्या जहाजाला हे जमणार नाही. पण नॉर्वेची अँपिअर ही फेरी २०१५ पासून चालते, खाडीतलं जेमतेम सहा किलोमीटरचं अंतर, दोन्ही काठांना चार्जिंग, आणि गंमत म्हणजे गावातली वीज एवढा झटका सोसणार नाही म्हणून काठावर पण बॅटऱ्या ठेवल्यात, त्या हळूहळू भरतात आणि बोट आली की भसकन देतात. शिवाय मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क देते म्हणून संथ मोठा पंखा सहज फिरवते. पुन्हा पंखाच.

आणि ज्या सुधारणांना कोणी फोटो काढायला येत नाही त्या? पंख्याभोवती कडं, म्हणजे कोर्ट नोझल, जहाजं ओढणाऱ्या टगला आणि जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरला भरपूर जास्त खेच देतं, पण तेच वेगाने जाणाऱ्या बोटीला लावलं तर ओझं, म्हणून शेजाऱ्याने लावलं म्हणून लावू नका. पंख्याच्या टोपीवर छोटे पंख लावायचे, १९८० च्या दशकात जपानमध्ये निघालं, पंख्याच्या मध्यातून मागे जो पाण्याचा पीळ निघतो तो मोडतो आणि वाया जाणारी ताकद थोडी परत मिळते. बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडणं ही तर सगळ्यात जुनी सुधारणा, नवं इंजिन बसवून जेवढं वाचतं तेवढं घाणेरडं बूड एका सीझनमध्ये खाऊन टाकतं. आणि वेग कमी करणं! वेग १० टक्के कमी केला की लागणारी ताकद २७ टक्के कमी होते, प्रवास लांबला ते धरूनही इंधन १९ टक्के वाचतं, पंखा, बूड, इंजिन कशालाही हात न लावता. २००८ च्या मंदीनंतर कंटेनर कंपन्यांनी हेच केलं. आमचे चीफ इंजिनिअर मला म्हणायचे, सेकंड, आजपासून आपण सायकलवर.

तर विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी बोटीची बातमी छापाल तेव्हा कंपनीने दिलेला बचतीचा टक्का तसाच छापू नका, त्यांना तीन गोष्टी विचारा: किती नॉटला मोजलं, तासाला किती लिटर गेलं, आणि जुन्या बोटीशी तुलना केली तेव्हा तिचं बूड घासलेलं होतं का. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा जरा घुटमळेल, ते पण छापा.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर्ड सेकंड इंजिनिअर