राखून ठेवायच्या औषधाचे पैसे कोण देणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कल्चर, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेले जंतू, तपासते. जंतू पसरवलेल्या प्लेटवर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या चकतीभोवती मोकळे वर्तुळ पडले ते मोजायचे, हे माझे काम. वर्तुळ पुरेसे मोठे असले तर औषध लागू. अलीकडे एकाही चकतीभोवती वर्तुळ नाही, अशा प्लेट हाती येतात. मग वॉर्डातून फोन येतो, 'कोलिस्टिन चालेल का?' त्याची चाचणी वेगळी करावी लागते. औषध १९५०च्या दशकातले, मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून मागे पडलेले. आज तेच शेवटचा आधार आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसे दगावली.

शोध थांबलेला नाही. पण सर्वांत चिवट आहेत ते ग्रॅम-निगेटिव्ह जंतू. त्यांना बाहेरून आणखी एक आवरण असते, शिवाय आत शिरलेले औषध बाहेर फेकणारे पंप. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या अशाच एका जंतूच्या बाहेरच्या आवरणाची बांधणीच अडवणाऱ्या झोसुराबाल्पिन या नव्या औषधावरचे शोधनिबंध २०२४मध्ये आले, तेव्हा मला खरोखर भरून आले होते.

माझी चिंता त्यापुढची आहे. अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जंतू सरावू नयेत म्हणून नवे प्रतिजैविक आम्ही मुद्दाम राखून ठेवतो. ते बरोबरच आहे. पण मग खप होत नाही, आणि औषध शोधणारा बुडतो. मोठ्या कंपन्यांनी या क्षेत्रातून अंग काढून घेतले, त्यामागे हाच हिशेब आहे.

इंग्लंडने २०२२पासून सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम या दोन औषधांसाठी, वापर कितीही होवो, ठरावीक वार्षिक रक्कम देणे सुरू केले. आपणही अर्थसंकल्पात अशी स्वतंत्र तरतूद करावी, ही माझी कळकळीची विनंती. पैसे देताना दोन अटी मात्र घालाव्यात: पुरवठा खंडित होता कामा नये, आणि औषधाबरोबर त्याच्या चाचणीच्या चकत्याही प्रयोगशाळांना मिळाल्या पाहिजेत. औषध आले, पण ते लागू पडेल का हे तपासायचे साधनच नाही, अशी वेळ आमच्यावर येऊन गेली आहे.

आपली नम्र,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ