गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने ओढू नका

महोदय,

गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, की आपल्याकडे घरचाच माणूस उघड्या हाताने वार (गर्भाभोवतीची, वासरामागून पडणारी पिशवी) ओढतो आणि मेलेले वासरू नाल्यात टाकतो. गाभडण्याचे कारण ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला जंतूंमुळे जनावरांना आणि त्यांच्यापासून माणसालाही होणारा रोग, असेल, तर त्या वारेत अब्जावधी जंतू असतात. कापूस वेचताना ओरबाडलेल्या हातातून ते सहज शरीरात शिरतात. टाकलेले वासरू कुत्री गावभर ओढत नेतात, ते वेगळेच.

वार अडकली तर पशुवैद्यकालाच बोलवा. हात लावावाच लागला तर कोपराच्या वरपर्यंत हातमोजे, नाका-तोंडाला फडके आणि डोळ्यांना चष्मा हवा. गरोदर बाईने तिकडे फिरकू नये. वासरू, वार आणि खालचा भिजलेला चारा विहिरीपासून लांब, पाच-सहा फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. कडक उन्हात हे जंतू लवकर मरतात खरे, पण गोठ्याच्या सावलीत, ओल्या शेणात कित्येक आठवडे तग धरतात.

गाईचे रक्त तपासून घ्या. गाभडल्यावर लगेच केलेली तपासणी निर्दोष आली तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. खरी फसगत पुढच्या वेताला होते. गाय नीट विते, मालक निर्धास्त होतो. पण दुधातून आणि वारेतून जंतू पडतच राहतात. अशी गाय बाजारात विकणे म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात रोग बांधणे. २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार या रोगाची शंका आली तरी गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे मालकावर बंधनकारक आहे.

कालवडी आणि पारड्यांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात शासनाची लस मोफत मिळते. ती आयुष्यात एकदाच द्यायची; नराला किंवा गाभण जनावराला नाही. लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळे टोचणाऱ्यानेही सुई स्वतःला लागणार नाही हे पाहावे. शेळ्या-मेंढ्या या मोहिमेत नाहीत आणि त्यांच्यातला ब्रुसेला माणसाला अधिक जाचतो. म्हणून साक्रीकडच्या मेंढपाळ ठेलारी बांधवांनी धारोष्ण दूध टाळून उकळूनच प्यावे.

माणसाला हा रोग झाला की ताप उतरून पुन्हा चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर-सांधे ठणकतात, तेव्हा बहुतेक जण टायफॉइड समजतात. गोठ्यात जनावर गाभडले असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. उपचार किमान सहा आठवडे आणि दोन औषधांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडला तर ताप उलटतो.

— एक पशुवैद्यक, धुळे जिल्हा